'उजनी निम्मी' म्हणजे किती?

ताई, नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागात शिकवते. हिवाळ्यात आमच्याकडे पाण्यावर दोन दिवसांची परिषद झाली. तिथले २७ शोधनिबंध पुस्तकरूपाने काढायचे आहेत आणि संपादन माझ्याकडे आलं आहे. १९ निबंध मराठीत आहेत, इंग्रजीतले आठ मराठीत करून घेतोय. पुस्तकाचं नाव ठरलंय: 'जल, पर्यावरण आणि शाश्वत विकास: विविध पैलू'. प्रकाशक म्हणतात, फाइली एकत्र करून पाठवा, बाकी आम्ही बघतो. मी सगळे निबंध एका टंकात आणि एका साच्यात बसवले, संदर्भांची पद्धत एक केली, तरी पुस्तक एक वाटत नाही. निम्म्याहून अधिक निबंधांची सुरुवात '७२ च्या दुष्काळाने होते. दोन निबंध एकमेकांच्या अगदी उलट निष्कर्ष काढतात. आमच्या विभागातल्या ज्येष्ठ सरांचा निबंध फ्लाय ॲशच्या (औष्णिक वीज केंद्रातल्या राखेच्या) काँक्रीटवर आहे. चांगला आहे, पण त्याचा पाण्याशी संबंध नाही. मी वयाने आणि पदाने लहान. यात मी किती हात घालू? तीन महिने हातात आहेत.

— एक सहयोगी प्राध्यापिका


मॅडम, नमस्कार.

'एका साच्यात बसवले, तरी पुस्तक एक वाटत नाही' हे तुमचं वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं. संपादनाचं काम करणाऱ्या पुष्कळांना हे शेवटपर्यंत जाणवत नाही, तुम्हाला ते पहिल्याच फेरीत जाणवलं. टंक, समास, संदर्भांची पद्धत हे सगळं करायलाच हवं आणि ते तुम्ही केलंत. पण तुमच्या २७ निबंधांनी अजून एकमेकांना वाचलेलंच नाही. प्रत्येक जण आपापल्या खोलीत बसून वाचकाशी बोलतोय, आणि शेजारच्या खोलीत त्याच धरणाबद्दल दुसरं काही सांगितलं जातंय याचा त्याला पत्ता नाही. तो पत्ता प्रत्येकाला देणं हे तुमचं काम आहे. त्यात हात घालायचा तो कोपरापर्यंत घाला.

हे मी का म्हणते ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी लघुपाटबंधारे तलावांवरचा एक संग्रह माझ्या हातून गेला. दोन निबंधांत एकाच तलावाचा साठा वेगवेगळा होता. मी दोन्ही आकडे त्या त्या लेखकाच्या संदर्भाशी ताडून पाहिले, दोन्ही जुळले, म्हणून तसेच छापले. पुस्तक निघाल्यावर एक शाखा अभियंता भेटायला आले. दोन्ही पानांचे कोपरे दुमडलेले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, 'आवर्तनाचं, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीचं नियोजन करायचंय. यातला कुठला आकडा धरू?' एकाने एकूण साठा दिला होता, दुसऱ्याने उपयुक्त साठा, म्हणजे प्रत्यक्ष सोडता येतं तेवढंच पाणी. दोघेही बरोबर होते आणि माझं पुस्तक मात्र चुकलं होतं. ती चूक कुठल्याच लेखकाला दिसण्यासारखी नव्हती, कारण दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचणारी माणूस मी एकटीच होते.

तुमच्या भागात ही गोष्ट किती महाग पडते बघा. भीमेवरच्या उजनी धरणाची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा (तळाचं, एरवी सोडता न येणारं पाणी) आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. मृतसाठाच निम्म्याहून जास्त! वर्तमानपत्रात 'उजनी ५० टक्के' येतं तेव्हा ते उपयुक्त साठ्याचे टक्के असतात, म्हणजे धरणात एकूण ९० टीएमसीच्या आसपास पाणी असतं. आता समजा, तुमच्या एखाद्या लेखकाने एकूण क्षमतेच्या निम्मं धरलं. ते होतात ५८.६ टीएमसी, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली. त्याच पाण्याला सोलापूरचा माणूस 'उजनी उणे नऊ टक्के' म्हणेल. शब्द एकच, 'निम्मी', आणि अर्थात जवळजवळ ३२ टीएमसीचा फरक. शिवाय कुणी टीएमसीत लिहिलं असेल, कुणी दलघमीत (दशलक्ष घनमीटरमध्ये), शेततळ्यावाल्या कुणी हेक्टर-मीटरमध्ये. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी, हे गणित वाचकाने मनात करत राहावं अशी अपेक्षा ठेवू नका. माझा सल्ला: सगळ्या तक्त्यांत दलघमी ठेवा, मजकुरात पहिल्या उल्लेखाला कंसात टीएमसी द्या, आणि 'टक्के' हा शब्द आला की ते कशाचे टक्के हे त्याच वाक्यात लिहायला लावा. सवलत कुणालाही नाही.

हाच न्याय 'दुष्काळ' या शब्दाला लावा, कारण तुमच्या पुस्तकाचा कणाच तो आहे. हवामान विभागाच्या हिशेबात पाऊस सरासरीपेक्षा २६ टक्के किंवा त्याहून जास्त कमी पडला की दुष्काळ, आणि ५० टक्क्यांच्या वर तूट गेली की तीव्र दुष्काळ. महसूल खात्याने वर्षानुवर्षं पैसेवारी पाहिली, म्हणजे नेहमीचं पीक एक रुपया धरलं तर यंदाचं किती पैसे. पीक ५० पैशांच्या आत आलं की गाव दुष्काळाच्या यादीत. भूजलवाला विहिरीची पातळी बघतो. एकाच तालुक्यात एकाच वर्षी हे तिघे तीन वेगळी उत्तरं देऊ शकतात, आणि तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं. पाऊस बेताचा पण वेळेवर पडला, तर पैसेवारी चांगली येते आणि विहिरी मार्चलाच तळ गाठतात. तुम्ही तिघांना एकच व्याख्या लादू नका. प्रत्येकाने पहिल्या दोन पानांत 'या निबंधात दुष्काळ म्हणजे अमुक' एवढं सांगावं, आणि प्रस्तावनेत तुम्ही या तिन्ही व्याख्या शेजारी ठेवून दाखवा. माझ्या मते तुमच्या प्रस्तावनेतली सर्वांत उपयोगाची दोन पानं तीच होतील.

'सरासरी' शब्दाचंही तसंच. देशाच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाची सरासरी १९५१ ते २००० या काळावर काढली तर ८९ सेंमी येते, १९६१ ते २०१० वर ८८, १९७१ ते २०२० वर ८७. फरक लहान दिसतो, पण एकाने जुनी सरासरी आणि दुसऱ्याने नवी धरली की 'सरासरीच्या ९६ टक्के' या दोघांच्या वाक्यांची तुलनाच करता येत नाही. वर्षाचंही विचारा. कुणाचं वर्ष जानेवारीपासून असतं, कुणाचं जूनपासून, आणि सिंचनवाल्यांचं १ जुलैपासून.

आता पुस्तकाच्या नावाबद्दल. मॅडम, हे नाव बदला. 'विविध पैलू' हे शब्द आले की समजावं, संपादकाला प्रश्न सापडलेला नाही. जल, पर्यावरण आणि शाश्वत विकास यांत काय बसणार नाही? सरांचं काँक्रीटसुद्धा बसेल. लेखक नावाकडे बघून लिहितात, आणि हे मी हवेत बोलत नाही. क्लॉड शॅनन आणि जॉन मॅकार्थी या गणित आणि संगणकशास्त्रातल्या दोन मोठ्या माणसांनी 'ऑटोमेटा स्टडीज' नावाचा संग्रह संपादित केला. तो १९५६ मध्ये प्रिन्स्टनहून निघाला. मॅकार्थींना यंत्राच्या बुद्धीवर लिहिलेले निबंध हवे होते. शॅनन यांना भडक नाव नको होतं, म्हणून साधं, गणिती नाव ठेवलं गेलं. आले ते बहुतेक निबंध स्वयंचलित यंत्रांच्या गणितावरचे. संग्रह वाईट झाला नाही, उलट फार मोलाचा झाला. गणिती क्लीनी यांच्या त्यातल्या निबंधातून पुढे प्रत्येक प्रोग्रामर वापरतो ती रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधायची खूणपद्धत) आली. अविश्वसनीय भागांतून विश्वासार्ह यंत्र कसं उभं करावं, यावरचा जॉन फॉन नॉयमन यांचा निबंधही त्यातच आहे. पण मॅकार्थींना जे पुस्तक हवं होतं ते हे नव्हतं, आणि ते निराश झाले. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या उन्हाळी कार्यशाळेचा प्रस्ताव लिहिताना त्यांनी आडपडदा ठेवला नाही. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव उघड वापरलं आणि त्या नावाने एक अख्खं क्षेत्र गोळा झालं.

तुमचे निबंध आलेले आहेत, त्यामुळे नव्याने बोलावणं शक्य नाही. पण प्रश्न आत्ताही शोधता येतो. दोन दिवस कॉलेजात जाऊ नका. २७ निबंधांचे केवळ निष्कर्ष एकामागून एक वाचा, आणि प्रत्येकासाठी एक ओळ लिहा: 'हा निबंध कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो?' तुमच्या पत्रावरून माझा अंदाज असा की त्यातले १५-१६ तरी एकाच प्रश्नाभोवती फिरत असतील: पर्जन्यछायेतल्या तालुक्यात पडलेलं पाणी जातं कुठे? काही म्हणतील वाहून जातं, काही म्हणतील मुरतं, काही म्हणतील उसाला जातं. तसं असेल तर तोच क्रम लावा: पाऊस, अपधाव (वाहून जाणारं पाणी), भूजल, धरण आणि कालवा, शेवटी पीक आणि पिण्याचं पाणी. लेखकांच्या आडनावांप्रमाणे किंवा पदांप्रमाणे लावू नका. नावही मग त्या प्रश्नातूनच काढा.

लेखकांना एकत्र बसवता आलं तर जरूर बसवा. १९८६ साली मेंदूसारख्या जाळ्यांतून विचार कसा घडतो यावरचे 'पॅरलल डिस्ट्रिब्युटेड प्रोसेसिंग' नावाचे दोन खंड निघाले. संपादक होते रुमेलहार्ट आणि मॅक्लेलँड, आणि प्रकरणं २६, वेगवेगळ्या हातांची. तरी ते पुस्तक एका माणसाने विचार करून लिहिल्यासारखं उभं राहतं, कारण त्यामागे सॅन डिएगोत वर्षानुवर्षं एकत्र चर्चा करणारा एक गट होता. सगळ्या प्रकरणांना लागणारी सामाईक चौकट दुसऱ्या प्रकरणात एकदाच मांडली आहे. मला त्यातली सर्वांत आवडणारी गोष्ट नवव्या प्रकरणाची. तिथे वाचकाला पुढे जे रेषीय बीजगणित लागणार आहे ते स्वतंत्रपणे शिकवलं आहे. प्रत्येक लेखकाने आपापल्या जागी दोन दोन पानं त्यावर घालवली नाहीत. वाचकाची काळजी अशी घ्यायची असते.

तुमच्याकडे वर्षं नाहीत, तीन महिने आहेत. पण '७२ च्या दुष्काळाचं दुखणं याच औषधाने बरं होईल. एक पार्श्वभूमीचं प्रकरण तुम्ही स्वतः लिहा किंवा तुमच्यातल्या सगळ्यात चांगलं लिहिणाऱ्याकडून लिहून घ्या. जिल्ह्याचा पाऊस, खडक, भीमा आणि सीनेचं खोरं, उजनी, '७२ चा दुष्काळ, हे सगळं त्यात एकदा नीट यावं. मग इतरांना सांगा की तुमची पहिली दोन पानं काढतेय, त्याऐवजी 'पाहा: प्रकरण पहिले' एवढं राहील. लेखक कुरकुरतील. पण ती दोन पानं गेल्यावर त्यांचं स्वतःचं काम थेट पहिल्या पानावर येतं, हे त्यांना दाखवलंत की बहुतेक जण मान्य करतात. बैठक जमत नसेल तर निदान प्रत्येक लेखकाला त्याच्या विषयाच्या सर्वांत जवळचे दोन निबंध पाठवा आणि एकच मागणी करा: 'हे वाचून, जिथे यांचं म्हणणं तुमच्या कामाला लागू पडतं किंवा आडवं येतं, तिथे एकेक वाक्य घाला.' साठ-सत्तर वाक्यांची भर पडेल. पुस्तक एक व्हायला तेवढी पुरतात.

परिभाषेचा भाग मराठीत काम करणाऱ्यांना दुप्पट जड जातो, म्हणून त्यावर जरा थांबते. आठ निबंध भाषांतरित होताहेत. पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थराला एकाने 'जलधर' लिहिलं असेल, दुसऱ्याने 'भूजलधारक स्तर', तिसऱ्याने सरळ 'ॲक्विफर'. वाहून जाणाऱ्या पाण्याला कृषी विद्यापीठातला माणूस 'अपधाव' म्हणेल, दुसरा 'पृष्ठवाह'. विद्यार्थ्याला वाटणार या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. इथे मराठी विश्वकोशाचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते. पहिला खंड आला १९७६ मध्ये, पण परिभाषासंग्रहाचा खंड त्याच्याही आधी, १९७३ मध्ये बाहेर पडला. शब्द आधी ठरवले आणि मग लिहायला बसले. तुम्हीही ८०-१०० शब्दांची यादी या आठवड्यातच करा आणि भाषांतरकारांच्या हातात द्या, नाहीतर शेवटी एकेक शब्द शोधून बदलत बसाल. माझं मत विचाराल तर 'जलधर' आणि 'अपधाव' घ्या. छोटे आहेत, त्यांपासून पुढचे शब्द बनतात. पण 'मुरूम', 'मांजऱ्या', 'काळा पाषाण' यांना हात लावू नका. विहीर खणणाऱ्यांच्या तोंडचे ते शब्द खडकाचं जे वर्णन करतात, ते घडवलेल्या शब्दाला जमत नाही. शास्त्रीय नाव शब्दसूचीत शेजारी द्या.

उलट निष्कर्षांच्या दोन निबंधांबद्दल तुम्ही घाबरला आहात. घाबरू नका, तुमच्या पुस्तकातली सर्वांत मोलाची जागा कदाचित तीच आहे. ते काय म्हणतात ते तुम्ही सविस्तर लिहिलं नाही, म्हणून नेहमी दिसणारं एक उदाहरण घेते. एक निबंध म्हणतो, नाला खोलीकरण आणि बंधाऱ्यांमुळे विहिरींची पातळी वाढली. दुसरा म्हणतो, काही फरक नाही. पहिलं विचारा: पातळी कोणत्या महिन्यात मोजली? आपल्या बेसाल्टात (दख्खनच्या काळ्या खडकात) पाणी साठवायला जागा थोडी. पावसात ती लवकर भरते आणि उपशाने लवकर रिकामी होते. ऑक्टोबरला मोजणाऱ्याला वाढ दिसणार, मे महिन्यात मोजणाऱ्याला ती दिसणार नाही, कारण मधल्या काळात तेच वाढलेलं पाणी उसाने किंवा डाळिंबाने पिऊन टाकलेलं असतं. दोघेही खरं बोलताहेत, आणि दोघांना शेजारी ठेवल्यावर तिसरी गोष्ट कळते जी दोघांपैकी एकालाही माहीत नव्हती: पुनर्भरण झालं, पण उपसाही तेवढाच वाढला. म्हणून हे निबंध लागोपाठ ठेवा, एकाला दुसरा वाचायला द्या, आणि मध्ये अर्ध्या पानाची संपादकीय टीप लिहा. कुणालाही निष्कर्ष मऊ करायला सांगू नका. एकसंध पुस्तकात सगळ्यांचं मत एक असावं लागत नाही. मतभेद नक्की कुठे आहे हे वाचकाला दिसावं लागतं. महिना विचारूनही विरोध राहिला तर तो तसाच छापा, आणि तो राहिला आहे असं स्पष्ट लिहा.

प्रकाशकांचं 'फाइली पाठवा, बाकी आम्ही बघतो' हे ऐकून मला वाईट वाटलं, कारण ही आता रीत झाली आहे. आयएसबीएन मिळतो, पदोन्नतीच्या गुणांत नोंद होते, आणि पुस्तक कपाटात जातं. तुमच्या लेखकांनाही ते गुण हवे असणार, त्यात काही गैर नाही. पण त्याच पुस्तकावर एखादी एम. टेक. करणारी मुलगी उद्या विश्वास ठेवणार आहे. तिच्यासाठी प्रकाशकांकडून लेखी घ्या की शेवटची प्रूफं तुमच्या सहीशिवाय छपाईला जाणार नाहीत.

राहिले सर. त्यांचा निबंध या पुस्तकात तसाच घेऊ नका. तो घेतलात की उरलेल्या २६ जणांना सांगितलेला प्रत्येक नियम पोकळ होईल. पण 'बसत नाही' एवढंच सांगून परतही पाठवू नका. काँक्रीट जाणणारा माणूस तुमच्या प्रश्नाच्या अगदी मध्यावर उभा आहे: कालव्यातून पाणी झिरपून किती जातं आणि अस्तरीकरण (कालव्याला आतून दिलेला काँक्रीटचा थर) किती टिकतं, हे त्यांच्याइतकं दुसरं कोण सांगेल? स्वतः जाऊन भेटा, पुस्तकाचा प्रश्न एका कागदावर लिहून न्या, आणि साधारण असं बोला: 'सर, पडलेलं पाणी जातं कुठे, हा या पुस्तकाचा प्रश्न ठरलाय. कालव्याच्या गळतीवर आपल्याकडे एकही निबंध नाही. फ्लाय ॲशचं तुमचं काम अस्तरीकरणाच्या बाजूने मांडाल का? सहा आठवडे आहेत. मूळ निबंध जसाच्या तसा साहित्य-तंत्रज्ञानाच्या एखाद्या नियतकालिकाला जास्त शोभेल.' माझा अनुभव असा की ज्येष्ठांना नकारापेक्षा आपला निबंध न वाचता घेतल्याचं जास्त लागतं. सरांनी नाही म्हटलं, तर पुस्तक २६ निबंधांचं होऊ द्या. आणखी दोन-चार गळाले तरी चालेल, पण परत पाठवताना प्रत्येकाला कारण लिहून कळवा.

पुस्तकाच्या शेवटी येणाऱ्या सूचीबद्दल (कोणता शब्द कोणत्या पानांवर) तुम्ही विचारलं नाहीत, पण छपाईआधीचे आठ-दहा दिवस तिच्यासाठी राखून ठेवा आणि ती स्वतः करा, संगणकावर सोडू नका. सूची करताना एकच गोष्ट दोन नावांनी दोन ठिकाणी बसलेली सापडते, आणि तिथे अजून काम बाकी असल्याचं कळतं. मग 'उजनी' या नोंदीपुढे जेवढी पानं येतील तेवढी सगळी एका बैठकीत उघडून वाचा. त्यातल्या प्रत्येक पानावर पाणी किती आणि ते कशाचे टक्के, हे दुसरं पान न बघता कळत असेल, तर प्रूफांवर सही करा.